पहिला ई-रीडर निवडताना: छापील पुस्तकांत रमणाऱ्या मराठी वाचकासाठी

ई-रीडर घ्यायचे मनात आले की बहुतेक जण सर्वांत आधी ‘कोणते मॉडेल घेऊ?’ असे विचारतात. छापील पुस्तकांवर वाढलेल्या मराठी वाचकाने मात्र हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि पुढच्या वर्षभरात आपल्याला वाचायची आहेत ती पुस्तके एका कागदावर लिहून काढावीत. प्रत्येक नावापुढे ते पुस्तक ई-स्वरूपात मिळते का, मिळत असल्यास कोणाकडे, आणि ते खऱ्या अक्षरांच्या रूपात आहे की छापील पानांच्या छायाचित्रांच्या रूपात, हे तीन रकाने भरावेत. पडद्याचा आकार, कंपनी आणि किंमत या यादीतून बऱ्याच अंशी ठरून जातात. इंग्रजी वाचकाला एवढी तयारी करावी लागत नाही, कारण त्याची पुस्तके जवळपास सगळीकडे सारख्याच रूपात मिळतात; मराठीची परिस्थिती वेगळी आहे.

माझ्याकडे आहे ते ॲमेझॉन कंपनीचे, २०२४ साली बाजारात आलेले किंडल पेपरव्हाइट. भारतात ते एप्रिल २०२५ मध्ये आले तेव्हा त्याची किंमत १६,९९९ रुपये होती. पडदा सात इंचांचा, दर इंचाला ३०० ठिपके, साठवण १६ जीबी आणि वजन २११ ग्रॅम. मुलुंड ते फोर्ट असा रोजचा लोकलचा प्रवास, घरी रात्रीचे वाचन आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या हातात, अशा तिन्ही ठिकाणी ते गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. मात्र प्रत्येकाने हेच यंत्र घ्यावे असे मला म्हणायचे नाही, आणि कोणी घेऊ नये तेही पुढे लिहिले आहे.

आधी पडद्याविषयी, कारण कागदाच्या वाचकाची पहिली शंका तिथेच असते. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि आपण वाचतो ते त्या प्रकाशाकडे पाहत. ई-रीडरच्या पडद्यात मात्र अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये विद्युतभारित काळे आणि पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली सरकतात आणि वर आलेल्या काळ्या कणांची अक्षरे बनतात. एकदा पान तयार झाले की ते टिकवून ठेवायला वीज लागत नाही, म्हणूनच बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. हे तंत्र अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आकाराला आले, त्यासाठी १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी स्थापन झाली, आणि २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या पडद्याचा पहिला ई-रीडर विकायला आणला. किंडल त्यानंतर, २००७ मध्ये आले. वाचकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की आपण खोलीतल्या किंवा खिडकीतल्या उजेडात वाचतो, जसे कागदावर वाचतो तसे. एप्रिलच्या दुपारी दारात उभे राहिले तरी अक्षर फिके पडत नाही, उलट अधिक ठसठशीत दिसते.

अंधारात वाचण्यासाठी पडद्याच्या कडेला बारीक दिवे असतात आणि त्यांचा प्रकाश पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो, डोळ्यांवर थेट येत नाही. या यंत्रात त्या प्रकाशाची छटा पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत बदलता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते. रात्री पिवळसर छटेत पान वाचताना जुन्या पुस्तकाच्या कागदाची जी ऊब जाणवते तिच्यामुळे छापील पुस्तकाची ओढ असलेला वाचक या यंत्राशी लवकर जुळवून घेतो. किंडलच्या सहा इंची साध्या मॉडेलमध्ये ही छटा बदलत नाही. दोन मॉडेलांच्या किमतींतील फरकाचे समर्थन करायला मला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

तरीही तो कागद नव्हे, आणि तसा आव यंत्राने आणू नये. पान उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो, कधी आधीच्या पानाची पुसट छाया मागे राहते. याहून मोठा फरक स्मरणाचा आहे. छापील पुस्तकातली एखादी जागा आपल्याला ‘डावीकडच्या पानावर, खालच्या बाजूला, पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशात’ अशी आठवते; डाव्या हाताखाली जमत जाणारी पानांची जाडीही कथेतले आपले ठिकाण सांगत असते. ई-रीडरवर अक्षराचा आकार बदलला की पानाची रचनाच बदलते, त्यामुळे ही आठवण उभी राहत नाही. अनेक पात्रांची, तीन पिढ्यांची, मागे जाऊन पुन्हा पाहावी लागणारी कादंबरी मी अजूनही कागदावरच वाचते. उलट शेवटी टीपा असलेला इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा ग्रंथ ई-रीडरवर अधिक सुखाने वाचता येतो, कारण टीपेच्या अंकावर बोट ठेवले की टीप तिथल्या तिथे उघडते आणि दोन ठिकाणी खुणेच्या पट्ट्या घालून बसावे लागत नाही.

लोकलच्या प्रवासात या यंत्राचे खरे सुख कळते. सकाळी आठच्या सुमारास ठाण्यापुढे डब्यात उभे राहायला जागा मिळते ती एका पायापुरती. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात पुस्तक. पाचशे पानांचे पुठ्ठाबांधणीचे पुस्तक अशा स्थितीत उघडे धरता येत नाही, आणि पान उलटायचे तर कडी सोडावी लागते. २११ ग्रॅमचे यंत्र एका हाताच्या पंजात बसते आणि अंगठ्याने पान उलटते. गर्दीत पडद्याला दुसऱ्याच्या कोपराचा स्पर्श होऊन दोन-चार पाने पुढे जातात, हा स्पर्शपडद्याचा दोष आहे. पान उलटायला बटणे असलेले किंडल ओअ‍ॅसिस आता बनत नाही. ज्यांना बटणे हवीच आहेत त्यांनी कोबो कंपनीच्या लिब्रा मालिकेकडे पाहावे.

पावसाळ्याचा मुद्दा मुंबईकराला सांगायला नको. पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर साठ मिनिटे टिकेल असे कंपनी सांगते. समुद्राच्या पाण्यासाठी हीच मर्यादा पाव मीटर आणि तीन मिनिटे अशी फार थोडी आहे. मी ते पाण्यात बुडवून पाहिलेले नाही आणि तशी गरजही नाही. जुलैमध्ये पर्स ओली झाली तरी आतल्या पुस्तकाचे काय झाले असेल ही धास्ती राहत नाही, एवढे मला पुरे आहे. ओल्या बोटांनी मात्र पडदा नीट ऐकत नाही. आधी हात कोरडे करावे लागतात.

आता मराठीविषयी, आणि इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण दुकानदार, जाहिरात आणि इंग्रजी परीक्षणे यांपैकी कोणीही हे सांगत नाही. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत अधिकृतपणे मिळू लागली. देवनागरी जोडाक्षरे आजच्या यंत्रांवर नीट उमटतात. परंतु यंत्राने अक्षर नीट दाखवणे आणि पुस्तक नीट तयार केलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण ‘दुसऱ्या’ या शब्दाचे घेऊ. मराठीतला हा अर्धा र, म्हणजे ‘ऱ्या’ मधला आडवा र, संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एक, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग य, दुसरा, साधा र, हलन्त, त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना ते अदृश्य जोडचिन्ह गळून पडले की ‘दुसर्‍या’चे ‘दुसर्या’ होते, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक धूसर होतो, आणि ‘तऱ्हा’, ‘गोऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ असे रोजचे शब्द वाचताना पदोपदी ठेच लागते. शोध घेतानाही पंचाईत होते, कारण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच गत आहे. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या फाइलींत ते ‘अ’वर चंद्र देऊन वेगवेगळ्या युक्तींनी लिहिलेले असते, आणि रूपांतरात तो चंद्र कधी अक्षराच्या बाजूला एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हा आणखी एक विषय. आपल्या पाठ्यपुस्तकांतून डोळ्यांत बसलेली ही वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि पुस्तकाची भाषा फाइलीत मराठी अशी नोंदवलेली नसेल तर चांगल्या फाँटमध्येसुद्धा हिंदी वळणच उमटते. हा दोष वाचन अडवत नाही, परंतु छापील मराठी पुस्तकावर प्रेम असणाऱ्याला तो पानोपानी खुपतो.

या सगळ्याचे मूळ यंत्रात नसून आपल्या छपाईच्या इतिहासात आहे. वर्षानुवर्षे बहुतेक मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्री-लिपीसारख्या प्रणालींत झाली. त्यांच्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. छापील पानावर ते सुरेख दिसते; पण तीच फाइल ई-रीडरला दिली तर त्याला तिथे मराठी दिसतच नाही, निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. अशा पुस्तकाचे ई-पुस्तक करायचे तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा पहिल्या ओळीपासून मुद्रितशोधन करावे लागते. ज्या प्रकाशकांनी हे कष्ट घेतले त्यांची ई-पुस्तके छापील पुस्तकाच्या तोडीस तोड आहेत. ज्यांनी घेतले नाहीत त्यांची पुस्तके विकत घेऊन वाचकाने मनस्ताप करून घेऊ नये. एका नव्या ई-पुस्तकात प्रत्येक ‘ऱ्या’ बिघडलेला पाहिल्यापासून मी नमुना प्रकरण वाचल्याशिवाय मराठी ई-पुस्तक विकत घेत नाही. नमुना फुकट उतरवता येतो. त्यात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ट्ठ’ एवढी अक्षरे शोधून पाहिली की पुस्तक कसे झाले आहे ते कळते.

आणखी एक छोटी गोष्ट. मराठी शब्द प्रत्ययांनी लांब होतात, आणि अरुंद पडद्यावर दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टाने ओळीत शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. मांडणीच्या पर्यायांत मजकूर फक्त डावीकडे जुळवून घेण्याची सोय असेल तर ती निवडावी. उजवी कड वेडीवाकडी राहते, पण वाचन सुरळीत होते. स्वतःचा फाँट यंत्रात घालण्याचीही सोय किंडल आणि कोबो दोन्हींत आहे. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट विनामूल्य मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. ही सोय प्रत्येक पुस्तकात चालतेच असे नाही.

पुस्तके कुठून मिळवायची, यावर यंत्राची निवड खऱ्या अर्थाने अवलंबून आहे. नव्या मराठी पुस्तकांतील बरीच किंडलच्या दुकानात मिळतात. बुकगंगाकडे मराठी ई-पुस्तकांचा साठा आहे, परंतु ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. किंडल किंवा कोबोवर ती उघडत नाहीत. तुमच्या यादीतली बहुसंख्य पुस्तके तिथलीच असतील तर पेपरव्हाइट घेऊन उपयोग नाही. अशा वाचकाने अँड्रॉइडवर चालणारा, ई इंकचाच पडदा असलेला ई-रीडर घ्यावा. ओनिक्स कंपनीची बूक्स मालिका अशी आहे, आणि तिच्यावर किंडलचे ॲपही चालते. तिची बॅटरी तुलनेने लवकर उतरते आणि मांडणी मोबाइलसारखी असल्यामुळे एकाग्रतेत थोडा अडथळा येतो, तरीही मराठी वाचकासाठी ती गांभीर्याने विचारात घेण्यासारखी निवड आहे.

तिसरा स्रोत विनामूल्य पुस्तकांचा, आणि तो फार मोठा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात खुले केले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य मराठी ई-पुस्तके देते. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त पुस्तके स्वयंसेवकांनी तपासून ठेवलेली आहेत आणि ती थेट ईपब या ई-पुस्तकांच्या सर्रास वापरातल्या स्वरूपात उतरवून घेता येतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी साहित्य प्रताधिकारमुक्त होते. त्यामुळे १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे, आणि हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत, बालकवी तर त्याच्याही आधीपासून. मराठी साहित्याचा सगळा पाया कायदेशीरपणे आणि पैसे न देता खिशात बाळगता येतो, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

अडचण अशी की यांतील पीडीएफ पुष्कळदा स्कॅन केलेल्या पानांच्या असतात, म्हणजे पानाचे चित्र. त्यातले अक्षर मोठे करता येत नाही, फक्त चित्र मोठे करता येते. इथे पडद्याच्या आकाराचा हिशेब करावाच लागतो. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकात मजकुराचा भाग साधारण चार इंच रुंद आणि पावणेसात इंच उंच असतो. सहा इंची पडद्याची उंची पावणेपाच इंचांच्या आसपास असते, म्हणजे समास कापूनही पान मूळच्या पाऊणपटीहून लहान दिसते; सात इंची पडद्यावर ते मूळच्या आठ-दशांशाच्या थोडे वर जाते. तरुण डोळ्यांना सात इंचांवर वाचता येते, पण सलग नाही. यंत्र आडवे धरून पान दोन-तीन भागांत वाचण्याचा मार्ग आहे आणि मी तो वापरते, मात्र तीनशे पानांचा ग्रंथ असा वाचणे हे कष्टाचे काम आहे. ज्यांचे वाचन मुख्यतः जुन्या स्कॅन केलेल्या ग्रंथांचे आहे, उदाहरणार्थ संशोधक, शिक्षक, इतिहासाचे अभ्यासक, त्यांनी दहा इंची पडद्याखाली जाऊच नये. ते यंत्र महाग पडेल आणि लोकलमध्ये उभ्याने वापरता येणार नाही, पण त्यांच्या कामाला तेच योग्य आहे.

आकाराचा दुसरा विचार ज्येष्ठांसाठी. माझ्या आईने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइपाची पुस्तके वाचणे जवळपास सोडले होते. ई-रीडरवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते हे खरे, पण तेवढ्या मोठ्या अक्षरात सहा इंची पडद्यावर एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात आणि मिनिटाला अनेकदा पान उलटावे लागते. सात इंची पडदा त्यांच्यासाठी किमान मानावा. आई आता दुपारी सलग वाचते, आणि घरात या यंत्रासाठी वाट पाहावी लागते ती मला.

कोबोची जमेची बाजू अशी की ते ईपब थेट उघडते. किंडलला ईपब थेट समजत नाही. ‘सेंड टू किंडल’ या सोयीतून पाठवले की ते कंपनीकडून रूपांतरित होऊन यंत्रात येते, आणि संकेतस्थळावरून पाठवायच्या फाइलीची मर्यादा २०० एमबी आहे. त्याहून मोठी पीडीएफ केबलने टाकावी लागते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘कॅलिबर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर असले की ही सारी देवाणघेवाण सोपी होते. रंगीत पडद्याचे ई-रीडर मराठी वाचकाने पहिल्या खरेदीत टाळावेत असे मी म्हणेन. रंगाच्या थरामुळे पडदा किंचित काळपट दिसतो, रंगीत चित्रांचा बारकावा दर इंचाला १५० ठिपक्यांवर येतो, आणि आपल्या ई-पुस्तकांत रंग असतो तो मुखपृष्ठापुरता.

छापील पुस्तकाच्या प्रेमिकाला सर्वांत जास्त सलावी अशी गोष्ट म्हणजे मालकी. किंडलवर आपण पैसे देतो ते वाचण्याच्या परवान्यासाठी. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रीहक्काच्या वादातून दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या यंत्रांतून दूरस्थपणे काढून टाकल्या होत्या आणि नंतर त्याबद्दल माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून केबलने यंत्रात नेण्याची सोय बंद झाली. पुस्तक मैत्रिणीला देणे, भाचीच्या वाढदिवसाला त्यावर चार ओळी लिहून भेट देणे, नको झाल्यावर ग्रंथालयाला देणे, यांतले काहीही इथे करता येत नाही. म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे. एकदा वाचून बाजूला ठेवायच्या कादंबऱ्या, चालू घडामोडींवरची पुस्तके, जाडजूड इंग्रजी चरित्रे आणि प्रताधिकारमुक्त जुने साहित्य ई-रीडरवर. कविता, कोश, चित्रांची पुस्तके, दिवाळी अंक आणि पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटणारी प्रत्येक गोष्ट कागदावर. कवितेच्या ओळी अरुंद पडद्यावर कुठेही मोडतात आणि कवीने ठरवलेला थांबा नाहीसा होतो, त्यामुळे कवितेबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही.

या वाटणीने घरातली कपाटे मोकळी झाली, आणि मुंबईतल्या घरात हा लहान लाभ नाही. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, खालच्या फळीतल्या पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते, आणि दर वर्षी काही पुस्तके हातची जातात. आता फळीवर राहतात ती मनापासून हवी असलेली पुस्तके, आणि त्यांची निगा राखायला वेळ मिळतो. दादरच्या छबिलदास गल्लीतल्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जाणे कमी झालेले नाही. घेण्याची रीत बदलली आहे: आधी ई-नमुना वाचायचा आणि पुस्तक जवळ ठेवण्याजोगे वाटले तर ते छापील घ्यायचे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ पासून चालत आलेल्या संस्थेत जे आहे त्यातले फारच थोडे ई-स्वरूपात आले आहे; सभासदत्व सोडण्याचा विचार कोणी ई-रीडरमुळे करू नये.

पैशांचे गणित थोडक्यात. तीन-चारशे रुपयांच्या मराठी पुस्तकाची ई-आवृत्ती पुष्कळदा थोडीशीच स्वस्त असते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे केवळ मराठी पुस्तकांच्या किमतीतील बचतीतून सतरा हजार रुपये वसूल होण्याची अपेक्षा ठेवू नये. इंग्रजी वाचनही भरपूर असेल, विनामूल्य साहित्य वाचायचे असेल किंवा घरात अक्षर मोठे लागणारे कोणी असेल, तर खर्च सार्थ आहे. यांपैकी काहीच नसेल तर ते पैसे पुस्तकांवर घालावेत आणि फोनवरच्या ॲपमध्ये अधूनमधून एखादे ई-पुस्तक वाचावे.

बॅटरी बारा आठवडे चालते असा कंपनीचा दावा आहे, परंतु त्यात वायफाय बंद आणि रोजचे वाचन अर्धा तास धरलेले आहे. लोकलमध्ये दोन्ही वेळा वाचणाऱ्याने चार-पाच आठवडे धरावेत, आणि तेही उत्तमच म्हणायचे. इंग्रजी शब्दावर बोट धरले की अर्थ लगेच समोर येतो. मराठी शब्दासाठी मात्र मी अजून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीकडेच वळते, जी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते.

यंत्र परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून किंवा आयात करणाऱ्या विक्रेत्याकडून घेत असाल तर वॉरंटी भारतात चालते का हे आधी लेखी विचारून घ्यावे. पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राएवढा होतो. त्यासाठीच कव्हर पहिल्याच दिवशी घ्यावे, लोकलने जाणाऱ्याने तर नक्कीच. यंत्र हाती आल्यावर ते बदलून मिळण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पाहावे आणि त्या मुदतीतच तीन गोष्टी कराव्यात: यादीतल्या एका मराठी पुस्तकाचा नमुना नेहमीच्या अक्षराकारात पंधरा-वीस पाने वाचावा, मंडळाच्या संकेतस्थळावरील एक स्कॅन केलेली पीडीएफ उघडून डोळ्यांना सोसते का ते पाहावे, आणि रात्री खोलीतला दिवा मालवून कोऱ्या पानावर प्रकाश मंद करून पडदा काठापासून काठापर्यंत न्याहाळावा. कडेला पिवळसर डाग, सावलीचा पट्टा किंवा सतत काळा राहणारा ठिपका दिसला तर सवय होईल म्हणून थांबू नये. त्याच रात्री छायाचित्र काढून विक्रेत्याला कळवावे आणि यंत्र बदलून मागावे.